थर्मोस्टॅट काढू नका, बदला

‘आपल्याकडच्या हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही. तो थंड देशांतल्या गाड्यांसाठी. काढून टाकू, गाडी पुन्हा तापणार नाही.’ गाडी वापरणाऱ्या बहुतेकांनी हा सल्ला कुठल्या ना कुठल्या गॅरेजात ऐकलेला असतो. तो देणारा माणूस बहुधा प्रामाणिक असतो, कामात मुरलेला असतो, आणि म्हणूनच सल्ला सहज पटतो. तरीही तो चुकीचा आहे. पूर्वीच्या गाड्यांनी तो कसाबसा पचवला, आजच्या गाड्यांचं त्याने सरळ नुकसान होतं. त्याच्या जोडीला आणखी एक मत ठामपणे सांगितलं जातं: थर्मोस्टॅट बदलणं हे घरी करायचं काम नाही, गाडीच्या मालकाने त्यात हात घालू नये. या दोन्ही मतांचा प्रतिवाद करण्यासाठी हा लेख आहे.

आधी ती वस्तू काय आहे ते पाहू. तळहातावर मावेल एवढी धातूची चकती, मधोमध पितळेची छोटी डबी आणि तिच्याभोवती स्प्रिंग. डबीत मेण भरलेलं असतं. वितळताना मेण फुगतं, आतली पिन ढकलतं आणि झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग झडप मिटवते. वायर नाही, बॅटरी नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्ने यांनी मेणावर चालणारी ही युक्ती शोधली आणि आजही जगभरच्या बहुतेक गाड्यांत तीच वापरली जाते. झडप किती अंशांना उघडायला लागेल तो आकडा चकतीवरच उमटवलेला असतो: ८२, ८८ असा. त्या तापमानाला ती उघडू लागते आणि आणखी दहा-पंधरा अंशांनी पूर्ण उघडते.

इंजिन गार असताना झडप बंद राहते. वॉटर पंप कूलंटला इंजिनातल्या इंजिनातच फिरवतो आणि इंजिन लवकर तापतं. तापलं की रेडिएटरकडची वाट उघडते, पण लागेल तेवढीच. उसाला पाणी देताना दारं धरणारा माणूस रात्रभर हेच करतो: जिथे हवं तिथे, हवं तेवढं पाणी सोडतो. त्याला घरी पाठवून दारं फोडून टाकली, तर पाण्याचा नेम राहत नाही.

आता ‘गरम देशा’चा मुद्दा घेऊ. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. जानेवारीत निफाडला तो एक आकडी होतो. इंजिनाला मात्र दोन्हीकडे ९०च्या आसपासच तापमान हवं असतं. म्हणजे चंद्रपूरच्या भर दुपारी सावलीतली गाडी सुरू केली, तरी तिच्या इंजिनाला आणखी पंचेचाळीस अंश तापायचं असतं. तेवढं ते तापलं की थर्मोस्टॅट स्वतःहून उघडतो. पूर्ण उघडल्यावर नागपूर असो की नॉर्वे, तो कूलंटला अडवत नाही. बाहेरच्या उन्हाचा हिशेब करायचा असतो तो रेडिएटरचा आकार आणि पंख्याची ताकद ठरवताना, आणि कंपनी गाडी घडवतानाच तो करते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाड्यांत थर्मोस्टॅट बसवलेला असतो, तो इथल्या उन्हाचा विचार करूनच.

यावर उत्तर येतं: ‘पण काढल्यावर माझी गाडी तापायची थांबली, त्याचं काय?’ हा अनुभव खरा असतो, त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा असतो.

समजा, गाडीचा रेडिएटर क्षारांनी अर्धा बुजला आहे. इंधनाच्या एकूण उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कूलंटमार्फत बाहेर टाकावी लागते. शहरात हळूहळू चालताना ही उष्णता मुळातच कमी असते, त्यामुळे अर्धा रेडिएटरही पुरतो. थर्मोस्टॅट नसल्याने इंजिन ६०-६५ अंशांवरच रेंगाळतं. काटा खाली दिसतो आणि मालकाला वाटतं, दुखणं गेलं. मग सुटीत पाच माणसं आणि सामान घेऊन, एसी लावून तीच गाडी कसारा घाट चढू लागते. आता इंजिनातून निघणारी उष्णता अर्ध्या रेडिएटरच्या आवाक्याबाहेर जाते. काटा ६०वरून ८०, ९०, १०० असा चढत जातो आणि घाटमाथा यायच्या आत बोनेट उघडावं लागतं. थर्मोस्टॅट असता, तर १०० अंशांना तोही पूर्ण उघडाच असता, म्हणजे तो काढून घाटात काहीच कमावलं नाही. थर्मोस्टॅट काढल्याने गाडी तापायची थांबत नाही, फक्त तापायला काही मिनिटं उशीर होतो.

या उशिरात खरा बिघाड लपून राहतो. रेडिएटर बुजलेला असेल, पंख्याचा रिले गेला असेल, वॉटर पंपाची पाती झिजली असतील, हेड गॅस्केट उडू लागलं असेल. रेडिएटरचं झाकण सैल झालं असेल, तर त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. साधं पाणी समुद्रसपाटीवर १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ अंशांनाच. धड झाकण आत साधारण एक बार जादा दाब राखतं आणि त्या दाबाखाली तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर फाटलं की हा आधार गेला. अशा वेळी थर्मोस्टॅट काढणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

थर्मोस्टॅट खरोखरच बंद स्थितीत अडकलेला असेल, तर तो काढल्यावर गाडी सुधारते, हे मान्य. पण बिघडलेल्या भागाच्या जागी चांगला भाग बसवायचा असतो. ती जागा रिकामी ठेवून भागत नाही.

इथे आमच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक चूक दाखवली पाहिजे. ‘थर्मोस्टॅट नसेल तर पाणी फार वेगाने फिरतं आणि रेडिएटरमध्ये गार व्हायला त्याला वेळच मिळत नाही,’ असं पुष्कळ जण सांगतात. हे खरं नाही. बंद चक्रात पाणी रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबलं, तर ते तितक्याच जास्त वेळा तिथे येतं. प्रवाह वाढल्यावर उष्णता बाहेर टाकली जाणं वाढतं, घटत नाही. चांगल्या मुद्द्याला खोटा आधार दिला, की समोरचा तो आधार मोडतो आणि मुद्दाही मोडला असं समजतो.

खरी कारणं दुसरी आहेत आणि ती पुरेशी आहेत. पहिलं कारण अनेक इंजिनांच्या रचनेतच आहे. त्यांच्या थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. वरची चकती रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी खालची चकती बायपासची वाट बंद करते. बायपास म्हणजे रेडिएटरला वळसा घालून इंजिनातल्या इंजिनात फिरण्याचा रस्ता. असा थर्मोस्टॅट काढला, की बायपास कायमचा उघडा राहतो. तापलेल्या कूलंटचा एक भाग रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनात शिरतो. गाडी तापू नये म्हणून जो भाग काढला, त्याच्या नसण्यानेच ती तापते.

दुसरं कारण म्हणजे आजच्या गाडीचा मेंदू. इंधन किती सोडायचं हे ठरवताना ईसीयू कूलंटचं तापमान बघतो. ते कमी असलं की इंजिन अजून गार आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडतो. थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीचा ईसीयू तासभराच्या प्रवासातही याच समजात राहू शकतो. अॅव्हरेज पडतं. पुष्कळ गाड्यांत ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी ०१२८ हा कोड दिसतो. त्याचा अर्थच असा, की कूलंट थर्मोस्टॅटने राखायच्या तापमानाला पोहोचत नाही.

तिसरं कारण ऑइलचं. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन नेतं आणि त्यातलं काही खाली ऑइलमध्ये मिसळतं. ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफही इंजिनात निवते. तापलेल्या इंजिनात हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं, कोमट इंजिनात तिथेच साठतं. कायम गार चालणाऱ्या गाडीच्या ऑइल भरायच्या झाकणाखाली पाहिलंत, तर पांढुरका चिकट थर दिसू शकतो. ते ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी. असं ऑइल बेअरिंगला आणि पिस्टनच्या रिंगांना धड वंगण देत नाही.

डिझेल गाड्यांची गोष्ट आणखी गंभीर आहे. १ एप्रिल २०२०पासून देशात बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ आला. साठलेली काजळी जाळून तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी इंजिन पुरेसं तापलेलं असावं लागतं. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असेल किंवा काढलेला असेल, तर ही सफाई पूर्ण होत नाही आणि डीपीएफ तुंबतो. तो बदलायच्या खर्चाशी थर्मोस्टॅटच्या किमतीची तुलनाच होऊ शकत नाही.

मग ही सवय आली कुठून? अॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळातून. तेव्हा बहुतेक लोक रेडिएटरमध्ये साधं पाणी घालत. त्याने आतून गंज चढे, क्षार बसत आणि थर्मोस्टॅट अडकून पडे. नवा वेळेवर मिळत नसे. कार्बोरेटरला इंजिनाच्या तापमानाचा पत्ता नसायचा, गार इंजिनासाठी चोक हाताने ओढावा लागे. घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचं दृश्य होतं. त्या परिस्थितीत थर्मोस्टॅट काढून टाकणारा मिस्त्री आपल्या परीने वाट काढत होता. इंजिनाची झीज तेव्हाही होत होती, पण ती हळूहळू होई आणि दोष दुसऱ्याच कशाला तरी जाई. त्या मिस्त्रीला मी नावं ठेवणार नाही. पण आता कूलंट आहे, सुटे भाग मिळतात, ईसीयू आहे, डीपीएफ आहे. परिस्थिती बदलली आणि सल्ला मात्र तोच राहिला.

एक अपवाद मान्य करतो. रात्री आडरानात थर्मोस्टॅट बंद अडकला, सोबत लहान मुलं आहेत आणि मिस्त्रीने तो काढून गाडी घरापर्यंत आणून दिली, तर त्याचे आभारच मानावेत. पण ती तात्पुरती सोय आहे. पुढच्या चार-आठ दिवसांत नवा थर्मोस्टॅट बसला पाहिजे. आपल्याकडे नेमकं हेच होत नाही. तात्पुरतं केलेलं कायमचं होतं आणि गाडी विकली जाते तेव्हा पुढच्या मालकाला ते कळतही नाही.

आता दुसरं मत: घरी हात घालू नये. त्यामागची भीती निराधार नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडल्याने माणसं वाईट भाजली आहेत. हवा अडकली तर नवा थर्मोस्टॅट बसवूनही गाडी तापते. पण पहिला धोका इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबल्याने टळतो, दुसरा हवा नीट काढल्याने. दोन्हीला लागतो तो धीर, आणि आपल्या गाडीच्या बाबतीत तो मालकाइतका कुणाकडे असणार? गॅरेजात मागे चार गाड्या उभ्या असतात.

पहिल्यांदा निदान. इंजिन झपाट्याने तापतंय, इंजिनाकडचा होज चटका देतोय आणि रेडिएटर गारच आहे, तर थर्मोस्टॅट बंद अडकल्याचा संशय घ्यावा. काटा मध्यावर येतच नाही किंवा घाट उतरताना खाली पडतो, तर तो उघडा अडकला असावा. अनेक नव्या गाड्यांत काटा नसतो, नुसता निळा दिवा असतो. तो फार वेळ विझत नसेल, तर तीच शंका. साध्या स्कॅनरवर कूलंटचं खरं तापमान दिसतं. ते बघणं सगळ्यांत खात्रीचं.

नवा थर्मोस्टॅट गाडीच्या मॉडेलचाच, त्याच आकड्याचा घ्यावा. ‘आपल्याकडे कमी आकड्याचा चालतो’ हा वर मोडून काढलेलाच सल्ला आहे, थोडा सौम्य करून दिलेला. बसवण्यापूर्वी तपासणी घरच्या शेगडीवर होते. स्वयंपाकातून बाद केलेल्या पातेल्यात पाणी घ्यावं, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून पाण्यात सोडावा, तळाला टेकू देऊ नये. शेजारी १०० अंशांपर्यंतचा थर्मामीटर धरावा. बराच वेळ काहीच होत नाही. मग आकडा ८२च्या आसपास येतो आणि चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसते. पाणी तापेल तशी ती रुंदावत जाते, मधली डबी स्प्रिंग दाबत खाली सरकते. गॅस बंद केला की ती तितक्याच सावकाश मिटते. ज्याने हे एकदा पाहिलं, त्याला हा भाग फालतू वाटणं शक्य नाही. एक ध्यानात ठेवावं: पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून ८८चा थर्मोस्टॅट पातेल्यात पुरता उघडला नाही तरी त्याला दोष देऊ नये. जुना थर्मोस्टॅटही असाच तपासावा, म्हणजे निदान बरोबर होतं की नाही ते कळतं.

प्रत्यक्ष काम सकाळी करावं, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. रेडिएटरच्या खालच्या नळीतून कूलंट टबात काढावं. ते विषारी असतं आणि चवीला गोडसर, म्हणून मुलं, कुत्री, मांजरं दूर ठेवावीत. गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये, बंद डब्यात भरून गॅरेजच्या हवाली करावं. रेडिएटरचा होज इंजिनाला जिथे जोडलेला असतो, तिथेच बहुधा थर्मोस्टॅटचं हाउसिंग सापडतं. काही इंजिनांत ते वरच्या होजपाशी असतं, काहींत खालच्या. पुष्कळ गाड्यांत दहा नंबरच्या पान्याने दोन-तीन बोल्ट सोडवले की ते निघतं. जुना थर्मोस्टॅट कसा बसला आहे याचा फोटो काढून ठेवावा. मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला जाते. चकतीवर हवा जायचं छोटं भोक असेल, तर ते साधारणपणे वरच्या बाजूला येतं. उलटा बसवला तर मेणापर्यंत इंजिनाची उष्णता वेळेवर पोहोचत नाही आणि गाडी उकळते.

बसायची जागा प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करावी. लोखंडी पात्याने अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून गळती आलीच. रबर रिंग किंवा गॅस्केट नवंच घालावं. त्यावर सिलिकॉनचा थर देऊ नये, त्याचे तुकडे सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतात. बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावेत. अशा लहान बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. प्लॅस्टिकचं हाउसिंग जोर केला की तडकतं.

नवं कूलंट गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच भरावं. तयार मिश्रण नसेल, तर डिस्टिल्ड पाण्यात अर्धंअर्धं करावं. बोअरचं पाणी अजिबात नको, रेडिएटर बुजवणारे क्षार त्यातूनच येतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो वापरून, मॅन्युअलच्या क्रमाने हवा काढावी. इंजिन चालू ठेवून वाट पाहावी. रेडिएटर आधी गार राहतो, मग थोड्याच वेळात होजमधून गरम कूलंट येतं. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण. त्यानंतर पंखा एकदा लागून बंद झाला की इंजिन बंद करावं, पूर्ण गार होऊ द्यावं आणि पातळी पुन्हा भरावी. पुढचे काही दिवस रोज सकाळी पातळी आणि गाडीखालची फरशी बघावी.

सगळ्याच गाड्यांत हे काम घरी होणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. काहींत थर्मोस्टॅट इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेला असतो, काहींत त्याला ईसीयूची वायर असते, काहींत कूलंट भरायला व्हॅक्यूमचं यंत्र लागतं. गाडी वॉरंटीत असेल, तर सर्व्हिस सेंटरलाच न्यावी. पण साध्या, लहान पेट्रोल गाडीत जिथे हाउसिंग वरूनच दिसतं, तिथे सावध माणूस सुटीच्या सकाळी हे काम नीट करू शकतो. तो भाग काही शे रुपयांत मिळतो. गाडी तापून हेड वाकलं, तर त्याच्या कितीतरी पट पैसे जातात.

घरी जमणार नसेल, तरी एवढं नक्की करा. मिस्त्री ‘काढून टाकू’ म्हणाला, तर आदराने, पण ठामपणे नाही म्हणा. नवा बसवायला सांगा आणि जुना परत मागून घ्या. जुनी गाडी विकत घेताना आत थर्मोस्टॅट आहे का, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर हाउसिंग उघडून बघा. आत जागा रिकामी निघाली, तर गाडी पहिल्यांदा घाटात नेण्याआधी ती भरून घ्या.